आईची सही मी केली तर चालेल का?

"आईला आता सही जमत नाही, तिच्याऐवजी मी केली तर चालेल का?" हा प्रश्न लोकांनी मला बँकेच्या रांगेतून फोन करून विचारलाय, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून विचारलाय, एकदा तर एका लग्नात शेजारी बसलेल्या बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलाय. मी वकील नाही. आत्याच्या आजारपणात हे सगळं वाचावं लागलं, वकिलांकडे बसावं लागलं, सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकावर बसावं लागलं, आणि मग नात्यात-ओळखीत "तिला विचारा, तिला माहितीये" असं होऊन गेलं. उत्तर एका शब्दाचं आहे, नाही. दुसऱ्याच्या नावाची सही करणं, मनात कितीही चांगलं असलं तरी, खोटी सहीच होते, आणि उद्या भावंडांत बिनसलं की तीच सही कोर्टात काढून दाखवतात. पण विचारणाऱ्याला खरं तर सहीबद्दल विचारायचंच नसतं. आई आहे, समोर बसलीये, पण तिचं हो किंवा नाही आता कुणी धरत नाही, मग तिच्या वतीने बोलायचं कुणी, हे त्याला विचारायचं असतं. आणि याचं उत्तर आपल्याकडे जितकं सरळ असायला हवं तितकं नाहीये म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी हात आणि डोकं वेगळं करायला हवं, घरात ते एकत्रच बोललं जातं, "बाबांचं आता काही खरं नाही" असं म्हणून. पॅरालिसिस झालाय, पार्किन्सन्सने हात थरथरतो, सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो, पण माणूस भानावर आहे, त्याला सगळं कळतंय, तर कायद्याच्या दृष्टीने त्याचा एकही हक्क कमी झालेला नाही. अंगठा चालतो. हाताचा नाही तर पायाचाही चालतो. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की बँकेच्या माहितीतल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळख पटवायची, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी हवा, आणि अंगठाही उमटवता येत नसेल तर नुसती खूणसुद्धा चालते, पैसे कुणी काढून न्यायचे हे खातेदाराने सांगायचं. सत्तरीच्या पुढच्या लोकांना घरपोच सेवा द्या असंही २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय. तरी लोक आजारी माणसाला व्हीलचेअरवर घालून बँकेच्या पायऱ्या चढवतात, कारण काउंटरवरच्या मुलाला हे कुणी शिकवलेलं नसतं. अशा वेळी काउंटरवर वाद घालू नका, मॅनेजरला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

डोक्याचं मात्र वेगळं आहे आणि तिथेच आपली सगळ्यांची गल्लत होते. डिमेन्शियाचा रिपोर्ट आला की घरातले त्या दिवसापासून त्या माणसाला प्रश्न विचारणं बंद करतात. वाईट हेतूने नाही हो, मायेनेच. "कशाला तिला त्रास", "तिला काय कळतंय आता", आणि बघता बघता तिच्या घराबद्दल, तिच्या औषधांबद्दल, तिच्या पैशांबद्दल तिच्यासमोर बसून पण तिला सोडून बोललं जातं. कायदा असं करत नाही, आणि हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. १८७२ चा आपला करार कायदा, त्याचं १२ वं कलम, ते एवढंच विचारतं की करार करतानाच्या त्या वेळी माणसाला तो समजतोय का, आणि आपल्या हिताचं काय-नुकसानीचं काय याचा विचार करून तो ठरवू शकतोय का. पुढे ते स्पष्ट म्हणतं की एरवी भ्रमिष्ट असलेला माणूस मधल्या शुद्धीच्या वेळात करार करू शकतो, आणि एरवी ठणठणीत असलेला माणूस तापाच्या ग्लानीत असेल तर त्या वेळी नाही करू शकत. म्हणजे आजाराचं नाव काय हा प्रश्नच नाही, या क्षणी या गोष्टीबद्दल या माणसाला कळतंय का हा प्रश्न आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर हे अजून पुढे नेलंय, तिथे सुरुवातच अशी आहे की मानसिक आजार असलेल्या माणसालाही आपल्या उपचारांबद्दल ठरवता येतं असंच धरून चालायचं, त्याला माहिती समजत असेल, किंवा आपल्या निर्णयाने काय होईल याचा साधारण अंदाज असेल, किंवा बोलून-खुणेने-हातवाऱ्याने का होईना सांगता येत असेल तर. आणि नुसतं आजाराचं निदान झालं म्हणून कुणी आपोआप "अस्थिर मनाचा" ठरत नाही, ते कोर्टाने ठरवावं लागतं.

म्हणजे कायद्याला त्या माणसाचंच म्हणणं ऐकायचं असतं आणि आपण घरचे सगळे त्याच्याऐवजी बोलायला उतावीळ असतो. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, बाकी तपशील.

पण तपशीलच माणसाला रडवतात. सगळ्यात मोठा गैरसमज मुखत्यारपत्राचा. "बाबांनी मला पॉवर ऑफ अटर्नी दिलेली आहे, त्यामुळे काळजी नाही" हे वाक्य मी इतक्या निर्धास्त आवाजात ऐकलंय की पुढचं सांगताना माझाच जीव घाबरा होतो. करार कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे ज्याने मुखत्यारपत्र दिलं तो मेला की ते संपतं, आणि त्याचं मन अस्थिर झालं तरीही संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ते करून ठेवलेलं असतं नेमकं त्याच दिवशी ते गळून पडतं! बाबा परदेशात आहेत, बाबांना जिने चढवत नाहीत, यासाठी मुखत्यारपत्र उत्तम. बाबांना आता मुलगा ओळखू येत नाही, यासाठी ते शून्य. नोटरीकडे केलेलं असो की रजिस्टर्ड असो, काही फरक पडत नाही. प्रत्यक्षात लोक ते वापरत राहतात, बँकाही खोलात जात नाहीत, सगळं सुरळीत चालतं, आणि मग फ्लॅट विकला जातो आणि काही वर्षांनी बहीण विचारते की विकला त्या तारखेला बाबांची परिस्थिती काय होती, न्यूरॉलॉजिस्टची फाईल दाखवा. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी आणली, सिंगापूरनेही तसं केलं, म्हणजे माणूस शहाणपणात असतानाच लिहून ठेवतो की माझं डोकं चालेनासं झालं की माझ्या वतीने हिने बघायचं, आणि ते तेव्हाही लागू राहतं. आपल्याकडे मालमत्तेसाठी अशी सोय अजून नाही. इतकी म्हातारी माणसं असलेल्या देशात ती का नसावी हे मला खरंच कळत नाही, आणि याची मागणी आपण सगळ्यांनी करायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मग लोक विचारतात, गार्डियन होता येईल का. १८९० चा पालक कायदा आहे तो अज्ञान मुलांसाठी आहे. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात जिल्ह्याच्या समितीकडून पालक नेमून घेता येतो पण तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी, पंच्याहत्तरीच्या आजोबांच्या अल्झायमरसाठी नाही. पूर्वी १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा होता, त्यात जिल्हा न्यायालय मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायचं, २०१७ चा नवा कायदा आला तो उपचारांच्या हक्कांबाबत फार चांगला आहे पण मालमत्तेची ती सोय त्यात राहिलीच नाही. त्यामुळे आज कोमात गेलेल्या नवऱ्याच्या खात्यातून त्याच्याच हॉस्पिटलचं बिल भरायला बायकोला हायकोर्टात जावं लागतं. रिट याचिका करायची, कोर्ट मेडिकल रिपोर्ट मागवतं, मग पालक म्हणून नेमतं. मुंबई हायकोर्टाने असे आदेश अनेकदा दिलेत, केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये याची रीतसर मार्गदर्शक तत्त्वंच घालून दिली. न्यायाधीश समजून घेतात, पण आयसीयूच्या बाहेर बसलेल्या बाईने वकील शोधायचा, याचिका लिहून घ्यायची, प्रतिज्ञापत्र करायचं, हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल.

म्हणून आधी करायची एक छोटी गोष्ट सांगते, नवरा-बायकोचं जॉइंट खातं कोणत्या प्रकारचं आहे ते आज बघा. "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असेल तर एक आजारी पडला तरी दुसऱ्याला खातं चालवता येतं. "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" असेल तर पहिलं नाव असलेला माणूस जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला हात लावता येत नाही, मग तो कोमात का असेना. पासबुकावर छापलेलं असतं, कुणी वाचत नाही.

आता आत्याबद्दल. तिचे मिस्टर फार लवकर गेले, मूलबाळ नाही, शाळेत शिकवून तिने स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतला, कर्ज फेडलं. विसरायला लागली तेव्हा निदान लवकर झालं हे आमचं नशीब, कारण तेव्हा तिच्या सकाळी स्वच्छ असायच्या, दुपारनंतर मात्र ती गोंधळायची, संध्याकाळी तर "मला घरी जायचंय" म्हणून घरातच बसून रडायची. घरात सगळ्यांनी असंच धरलेलं की तिचं जे काय आहे ते आम्हा भाचरांचं, तिचं सगळं आम्हीच करत होतो. वकील मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं की मृत्युपत्र नसेल तर तुम्हाला काहीच नाही मिळणार. आम्हाला वाटलं चुकून बोलल्या.

चुकून नव्हत्या बोलल्या. हिंदू वारसा कायद्याच्या, म्हणजे १९५६ च्या, १५ व्या कलमाप्रमाणे हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली आणि तिला नवरा-मुलं नसतील तर तिची स्वकष्टाची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर आणि भावंडांचा त्याच्याही मागे. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी माहेरी परत येते. नारायणीदेवी नावाच्या एका बाईंची केस आहे, १९५५ मध्ये लग्न झालं, तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरी राहून शिकल्या, नोकरी केली, पैसे साठवले आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता गेल्या. त्यांची आई जिवंत होती, तिने हक्क सांगितला. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कायदा हा कायदा, आणि ते सगळे पैसे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना गेले, ज्या सासरने तिला कधी विचारलं नव्हतं त्या सासरला. हे मी जेव्हा जेव्हा कुणाला सांगते तेव्हा समोरची बाई गप्प होते आणि मग विचारते, मृत्युपत्राला किती खर्च येतो.

खर्च जवळजवळ नाही. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, हाताने लिहिलेलं चालतं, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. पाहिजे ती सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार, ज्यांनी ती सही होताना पाहिलीय किंवा करणाऱ्याने त्यांना "ही माझीच सही" असं सांगितलंय, आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर सह्या केल्यात. साक्षीदार स्वतःपेक्षा तरुण घ्या कारण पुढे वाद झाला तर त्यातला एक तरी कोर्टात उभा राहून सांगणारा हवा, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणारे त्याला साक्षीदार करू नका. रजिस्टर केलेलं केव्हाही बरं, माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर रजिस्ट्रारच्या ऑफिसकडे गृहभेटीचा अर्ज करता येतो. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या ५९ व्या कलमातही तेच शुद्धीच्या वेळाचं तत्त्व आहे, एरवी भ्रमिष्ट असलेला माणूस भानावर असताना मृत्युपत्र करू शकतो. त्याला आपण मृत्युपत्र करतोय हे कळायला हवं, आपल्याकडे काय काय आहे याचा अंदाज हवा, आपली माणसं कोण आणि त्यातल्या कुणाला देतोय-कुणाला वगळतोय हे ध्यानात हवं. आज वार कोणता हे नाही सांगता आलं तरी या तीन गोष्टी सांगता येणारी माणसं असतात, आत्या तशीच होती.

इथे आमच्या वकील मॅडमचे मी पाय धरायला तयार आहे. आपल्याकडे दस्ताची भाषा ठरलेली असते, "मी हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे", आणि हे वाक्य टायपिस्टने त्या माणसाचं तोंडही बघायच्या आधी टाईप केलेलं असतं. मॅडमनी मजकूर आधी केलाच नाही. सकाळची वेळ घेतली, मला आणि माझ्या भावाला बाहेर बसवलं, दार लावलं आणि आत्याशी एकट्या बोलल्या. म्हणाल्या, ज्यांचा फायदा होणार तेच लिहून घ्यायला पुढे-पुढे करत असतील तर कोर्टाला संशय येतो, आणि यायलाच हवा, १९५९ पासून सुप्रीम कोर्ट हेच सांगतंय की अशी संशयाची जागा असेल तर ती दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्याची. त्याच दिवशी तिला बघणाऱ्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेतलं, तेही "फिट आहे" एवढं एका ओळीचं नाही, काय विचारलं आणि तिने काय उत्तर दिलं हे लिहिलेलं. कायद्यात हे सर्टिफिकेट लागतंच असं नाही, पण ज्या माणसाच्या फाईलमध्ये डिमेन्शिया लिहिलंय त्याच्यासाठी हे नसेल तर मृत्युपत्र लंगडं आहे असंच समजा.

आणि आत्याने फ्लॅट दिराच्या मुलीला दिला. आम्हाला नाही, आणि दिराच्या मुलालाही नाही, फक्त मुलीला. बँकेतली ठेव आम्हा भाचरांना, आणि त्यातून एक रक्कम तिला आंघोळ घालणाऱ्या मावशींना. भाऊ तेव्हा खूप दुखावला, कारण रात्र-रात्र तिच्याजवळ तो बसला होता. त्याला वाटलं आजारामुळे तिने असं केलं, ती भानावर असती तर नसतं केलं. पण मॅडमनी तिला कारण विचारून लिहून घेतलेलं होतं. ही दिराची मुलगी लहानपणी आत्याकडे राहून शिकली होती, पुढे तिचं लग्न मोडलं, तिला स्वतःचं घर नव्हतं, आणि आत्याने लिहिलंय की "माझ्या भाचरांना घरं आहेत." इतकं स्वच्छ कारण माझ्या ओळखीतल्या धडधाकट माणसांनी केलेल्या कुठल्याही मृत्युपत्रात मी वाचलेलं नाही. तिच्या वतीने आम्ही ठरवलं असतं तर आम्ही प्रामाणिकपणे, तिच्या भल्याचा विचार करून, तिला जे नको होतं तेच केलं असतं. भाऊ नंतर निवळला. फ्लॅटची कागदपत्रं त्या मुलीच्या नावावर करायला तोच तिच्याबरोबर सोसायटीत गेला.

सोसायटीवरून नॉमिनेशन आलं, थोडक्यात सांगते कारण हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. नॉमिनी मालक नसतो. विम्याबद्दल १९८३ मध्ये आणि शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नॉमिनीने पैसे ताब्यात घ्यायचे ते खऱ्या वारसांसाठी. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच, असा बदल कायद्यात झालाय. महाराष्ट्रात हाउसिंग सोसायटीतही नॉमिनी हा वारस ठरेपर्यंत प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, मेंबर. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसकट, चांगली सोय आहे, पण म्हणून मृत्युपत्राची गरज संपली असं नाही.

बक्षीसपत्राबद्दल मात्र थांबून बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त अश्रू मी तिथेच पाहिलेत. महाराष्ट्रात मुला-मुलीला, नातवंडांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, अधिभार वगैरे वेगळा, त्यामुळे एजंट आणि कधीकधी मुलंसुद्धा सांगतात की आत्ताच करून टाका, नंतर कटकट नको. पण मृत्युपत्र उद्या फाडून दुसरं करता येतं, बक्षीसपत्र केलं की घर गेलं, आज, तुम्ही जिवंत असताना. वय झालेलं, थोडं विसरायला लागलेलं माणूस "इथे अंगठा लावा" म्हटलं की लावतं, आपल्या मुलावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात यावर एक आधार आहे, २३ वं कलम. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलाने सांभाळलं नाही तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की अशी अट होती हे दिसायला हवं, जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात कोर्टाने हा कायदा म्हाताऱ्या माणसाच्या बाजूने उदारपणे वाचायचा असं सांगून मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं आणि घर आईला परत द्यायला लावलं. तरी सांगते, बक्षीसपत्र करायचंच असेल तर "मरेपर्यंत याच घरात राहण्याचा हक्क आणि पालनपोषणाची जबाबदारी" हे दस्तातच लिहा, तोंडी विश्वासावर सोडू नका. दाद मागायची ती प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, तिथे वकील लागत नाही, आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगीही मागता येते. हे माहीत असलेली आजी मला अजून भेटली नाही, सगळ्या म्हणतात "मुलावर केस कशी करू बाळ". त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

हॉस्पिटलमध्ये आणखी एक वेगळी गोष्ट. तिथे फॉर्मवर "रिलेटिव्हची सही" अशी जागा असते आणि आपल्याला वाटतं नातेवाईक म्हणजे अधिकार. २००८ चा समीरा कोहली यांचा निकाल प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. ४४ वर्षांची बाई तपासणीसाठी भूल घेऊन आत गेली, डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि तिचं गर्भाशय काढून टाकलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं की ती सज्ञान आहे, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं, जिवावर बेतलेलं नव्हतं, तर आईची संमती चालत नाही. आईचीसुद्धा नाही. नवरा, मुलगा, सून यांची तर बातच सोडा. जीव वाचवायची घाई असेल तेव्हा डॉक्टर कुणासाठीही थांबत नाहीत आणि थांबू नये, पण एरवी पहिला प्रश्न पलंगावरच्या माणसाला विचारायचा असतो.

आणि पलंगावरच्या माणसाला बोलताच येत नसेल तर? त्यासाठी लिविंग विल आहे. हल्ल्यानंतर भान हरपलेल्या नर्स अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये ४२ वर्षं पडून होत्या, २०११ मध्ये त्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा हा दरवाजा थोडा उघडला, ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवरच्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, पण कागद मॅजिस्ट्रेटसमोर करायचा वगैरे अटी इतक्या की कुणी करेना. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने त्या सोप्या केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. त्यात लिहायचं की बरं होण्याची आशा संपलेली असेल तेव्हा कोणते उपचार नकोत, आणि आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा आपल्या वतीने निर्णय कुणी सांगायचा. मग हॉस्पिटलचा एक मेडिकल बोर्ड बघतो, त्यावर दुसरा बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर, आणि त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. हे इंजेक्शन देऊन मारणं नव्हे, ते आपल्याकडे गुन्हाच आहे. मशीन आणि नळ्या थांबवायच्या किंवा लावायच्याच नाहीत, वेदना कमी करणं मात्र चालू ठेवायचं. मानसिक आरोग्य कायद्यातही एक आगाऊ निर्देश करता येतो, पण तो मानसिक आजाराच्या उपचारांसाठी, दोन्ही वेगळे आहेत.

मृत्युपत्राच्या मागोमाग मॅडमनी आत्याचं हेही करून घेतलं होतं. शेवटी न्यूमोनिया झाला तेव्हा मी तो कागद नेला आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी तो उलटसुलट करून बघितला, म्हणाले मी असं पहिल्यांदाच बघतोय. त्यांचा दोष नाही. पण सीनियर डॉक्टर आले, त्यांनी शांतपणे वाचला, बोर्ड बसवला, आणि मला जे वाचवलं ते हे, की "व्हेंटिलेटर लावू का नको, तुम्ही सांगा" हा प्रश्न माझ्या अंगावर नाही आला. उत्तर तिनेच देऊन ठेवलं होतं. आयसीयूबाहेर हा प्रश्न ज्यांच्या अंगावर येतो ती माणसं पुढे वर्षानुवर्षं स्वतःला विचारत राहतात, मी अशा माणसांना ओळखते.

हल्ली मी आईबाबांशी हे बोलते. एकदम नाही, तुकड्या-तुकड्याने, आणि "तुमच्या नंतर" असा शब्द न वापरता. बाबा आधी चिडायचे, म्हणायचे एवढी घाई झालीय का तुम्हाला. मग मी त्यांना नारायणीदेवींची गोष्ट सांगितली, आत्याच्या कागदाबद्दल सांगितलं, आणि मालमत्तेचा विषय बाजूला ठेवून एवढंच विचारलं की तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा तुमच्या वतीने डॉक्टरांशी कुणी बोलावं असं तुम्हाला वाटतं. मला वाटलं ते माझं नाव घेतील, किंवा आईचं. त्यांनी बराच विचार केला आणि सुनेचं नाव घेतलं. म्हणाले तुम्ही दोघं भावंडं रडत बसाल आणि तुझी आई देव पाण्यात ठेवेल, ती तेवढी डॉक्टरला नीट प्रश्न विचारते. पुढच्या आठवड्यात नोटरीची वेळ घेतलीये, वहिनीला अजून सांगायचंय.